पंचवीस पैशांचा दाब

फेरीबोटीत माझी स्कूटर, तिच्या पायाशी हत्यारांची पेटी,
पेटीवर एक मासळीवाली बसलेली, न विचारता.
दिवाडीच्या धक्क्यावर कायतान उभा.
हात वर नेतो, अर्ध्यावर सोडून देतो:
लोडर असा करतो.
केन्ना उखलता, केन्ना ना.

खाजनाच्या बांधावर ट्रॅक्टर, नाक चिखलाकडे.
खेकड्यांनी बांध पोखरलाय,
अमावास्येच्या भरतीआधी माती पडायला हवी,
आणि बादली गुडघ्याइतकी उठून थांबते.
पंप कण्हतो,
तेल आतल्या आत वळून टाकीत परत.

आधी बादली जमिनीला टेकवतो. इंजिन बंद.
लिव्हर पुढेमागे, पुढेमागे,
नळ्यांत कोंडलेला दाब उसासून जाईपर्यंत.
घाई केली की सुईच्या भोकातून तेल तळहातात शिरतं
आणि हात खांद्यापर्यंत काळा पडतो.
रिवणच्या वर्कशॉपात पाहिलंय. त्याचं नाव घेत नाही.

रिलीफ वाल्व म्हणजे फार काही नाही.
करंगळीएवढा पोलादी दांडा, मागे स्प्रिंग.
काम एकच,
पुरे म्हणायचं.

लॉकनट सोडण्याआधी स्क्रूचे आटे मोजतो. बाहेर साडेचार.
खडूने मडगार्डवर लिहून ठेवतो,
निळा रंग पोपडलाय, खाली पिवळा.
टोपी फिरते. स्प्रिंग येते.
दांडा येत नाही.
ठोकायचं नसतं. डिझेल सोडायचं, थांबायचं.
कायतान विडी काढतो,
मी बघतो, तो विडी कानावर ठेवतो.

थांबता थांबता पाणी चढतं.
मानशीची लाकडी दारं आपली आपण मिटतात,
ओहोटीला उघडतील. बिजागऱ्या तेवढ्या,
बाकी सगळं पाणीच करतं.

दांडा सुटतो.
एका अंगाला ओरखडा, नखाला लागेल इतका.
म्हणजे स्प्रिंग तिरकी बसत होती.
म्हणजे टोपीत काहीतरी आहे.
टोपी पालथी करून आपटतो
आणि हातात येतं पंचवीस पैशांचं नाणं,
कडा घासून बारीक केलेलं,
गेंडा अजून दिसतो, शिंग गेलेलं.

मी डावखुरा.
कानशीच्या रेघा उलट्या अंगाला कलतात माझ्या.

एकोणीस वर्षांचा होतो. खाणीच्या रस्त्यावर ट्रक
वळणापलीकडेपर्यंत उभे.
भोबे फोरमन म्हणाला, दाब वाढव.
शिम नव्हती. चहाचे सुटे पैसे होते.
त्या दिवशी लोडरने दीडपट माती उचलली,
भोबेने पाठीवर थाप मारली,
ती थाप मी पुढे बरीच वर्षं सांगत फिरलो.

कायतान विचारतो, किदें मेळ्ळें?
कचरा, म्हणतो.

बारीक पेपर, तेलात भिजवून, बोटांनीच फिरवायचा.
घासायचं थोडं, पुसायचं फार.
दांडा भोकात उभा धरून सोडला
की स्वतःच्या वजनाने घसरला पाहिजे,
ना अडकत, ना धावत.
सातव्या खेपेला घसरतो.
नवा ओ-रिंग, नाण्याशिवाय स्प्रिंग,
गेज लावून स्क्रू पाव पाव फेरा,
पुस्तकात दिलाय तिथे काटा थांबेपर्यंत.

बादली उठते. एका दमात, खांद्याच्या वर.
कायतान लगेच ती चिखलाने शिगोशीग भरतो,
ट्रॅक्टर बसल्यासारखा होतो,
वाल्व घरघरतो, बादली हलत नाही.
पयलीं उखलतालो, तो म्हणतो.
पयलीं.
थोडं कमी भर, मी म्हणतो, चार खेपा जास्त होतील.
पटलेलं नसतं त्याला. तरी पैसे देतो,
वर चार काळुंद्रं, केळीच्या पानात.

परतीच्या बोटीत खिशात बोटांना गेंडा लागतो.
बाहेर हे नाणं कधीच बंद झालं.
आत इतकी वर्षं चाललं.
मासळीवाली तीच, पाटी रिकामी,
माझ्या पेटीवर बसून सुटे मोजतेय.
बोट लागते. ती उठत नाही,
हिशेब चुकलाय तिचा, पुन्हा पहिल्यापासून.
मी उभा राहतो.